तो माणूस त्या रात्री मेला नव्हता

(रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. दोन-चार शिव्या गाळल्यात.)



गेल्या रविवारी ह्याच खोलीत आपण ‘निर्वाना’ची चित्रफीत पाहिली आणि मग रात्री साडेबारापर्यंत भांडलो. खालच्या मजल्यावरच्या मावशी दोनदा ओरडून गेल्या. शेवटी कुणीतरी म्हणालं, पुढच्या वेळी एकानं उभं राहून नीट बोलावं, बाकीच्यांनी गप ऐकावं. ते काम माझ्या गळ्यात आलं. का, तर त्या रात्री मी सगळ्यात कमी बोललो. मी सलग दोन पाळ्या करून आलो होतो म्हणून कमी बोललो. त्यात विचारबिचार काही नव्हता.

आधीच सांगून टाकतो. मी मॅट्रिक. गोदीत माल उचलतो, रात्री कविता लिहितो. इंग्रजी गाण्यातले निम्मे शब्द माझ्या डोक्यावरून जातात. पण कर्ट कोबेन काय पुटपुटतो ते अमेरिकेतल्या पोरांनाही धड कळत नव्हतं, तेव्हा त्याचं मला वाईट वाटत नाही. निघताना आजीला सांगितलं, ‘निर्वाण’ बघायला चाललोय. ती म्हणाली, मग पांढरं घालून जा.

तर चित्रफीत. १८ नोव्हेंबर १९९३, न्यूयॉर्क, सोनीचा स्टुडिओ. एमटीव्ही वाहिनीचा ‘अनप्लग्ड’ नावाचा कार्यक्रम होता. भल्याभल्या गोंगाटवाल्यांना विजेच्या गिटारी खाली ठेवायला लावायच्या आणि साध्या वाद्यांवर गाऊन घ्यायचं. निर्वानानं १४ गाणी केली, जवळजवळ एका दमात. डिसेंबरमध्ये ते टीव्हीवर दाखवलं, त्यात दोन गाणी कापली. १ नोव्हेंबर १९९४ ला त्याचा अल्बम निघाला, तो अमेरिकेत पहिल्या नंबरला गेला, १९९६ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. सगळीच्या सगळी चित्रफीत डीव्हीडीवर यायला २००७ साल उजाडलं. आणि ह्या सगळ्याच्या मध्ये, ५ एप्रिल १९९४ ला, कोबेननं सिएटलच्या घरात स्वतःचा जीव घेतला. वय २७.

ही तारीख मधे आहे हे लक्षात ठेवा. माझं सगळं बोलणं तिच्यावरच अडलंय.

आता मतं. ह्या बँडच्या चाहत्यांत ह्या चित्रफितीवरून गेली तीस वर्षं जे वाद चाललेत तेच आपल्या खोलीतही झाले, गंमत आहे. एक पार्टी म्हणते, हा खरा निर्वाना नव्हेच. खरा बघायचा तर रीडिंगचा बघा. इंग्लंडातल्या रीडिंगच्या जत्रेत ३० ऑगस्ट १९९२ ला जे झालं ते, डीव्हीडी २००९ ची. नाहीतर सिएटलच्या पॅरामाउंट थिएटरातला बघा. ३१ ऑक्टोबर १९९१, ‘नेव्हरमाइंड’ बाजारात येऊन पाच-सहा आठवडे झालेले, १६ मिलिमीटरच्या फिल्मवर घेतलेला, २०११ ला निघालेला. तिथं घाम आहे, ढकलाढकली आहे, ड्रमवर ग्रोल असा तुटून पडलाय की चामडं फाटावं. आणि इथं काय, मेणबत्त्या, फुलं, स्वेटर घातलेला बुवा स्टुलावर बसलाय. विद्रोहाला कार्डिगन घातलं, असं आपलाच एकजण म्हणाला. वाक्य झकास आहे, ते मी त्याच्या परवानगीशिवाय कवितेत वापरणार आहे. पण मत मला पटलं नाही.

कारण मोठ्यानं ओरडणं सोपं आहे. आमच्या धक्क्यावर जो नवा येतो तो पहिल्या दिवशी सगळी ताकद एकदम लावतो आणि दुपारी कंबर धरून बसतो. जड माल हळू खाली ठेवता येणं, आवाज न करता, काच असल्यासारखा, त्याला वर्षं लागतात. त्या चित्रफितीत ग्रोलकडे बघा. त्याला काठ्यांऐवजी ब्रश दिलेत. कार्यक्रमाचा निर्माता अ‍ॅलेक्स कोलेटी, त्यानंच ते आणून दिले होते. हा दांडगा गडी अख्खा कार्यक्रम हात आवरून वाजवतो, आणि चेहऱ्यावर धाक की जरा जोरात लागला तर सगळं मोडेल. नोव्होसेलिक एका गाण्यात गिटार सोडून अकॉर्डियन घेतो. लोरी गोल्डस्टन नावाची बाई मागं सेलो ओढते. आदल्या तालमी बऱ्या झाल्या नव्हत्या, सगळ्यांच्या पोटात गोळा होता. हे मला रीडिंगपेक्षा जास्त धाडसाचं वाटतं.

दुसरी पार्टी हिशेबनीस आहे. ते म्हणतात, फसवणूक आहे, ‘अनप्लग्ड’ म्हणे आणि कोबेनची गिटार तर ॲम्प्लिफायरला जोडलेली! खरं आहे. त्याला आपला ॲम्प पाहिजेच होता. मग कोलेटीनं त्याच्यापुढं एक खोटं खोकं उभं केलं, की बघणाऱ्याला तो स्टेजवरचा साधा स्पीकर वाटावा. बोवीच्या गाण्यात ती गिटार कशी किंचाळते ऐका, लाकूड एकटं तसं किंचाळत नाही. मला तर ह्या खोक्याचं फार आवडलं. कंपनीनं ‘साधं वाजवा’ म्हटलं, गड्यानं वायर लपवून आपल्याला पाहिजे ते केलं. कंपनीला हिट गाणी पाहिजे होती. त्यानं ज्या गाण्यावर जग नाचत होतं ते ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ घेतलंच नाही. कंपनीला पाहुणे म्हणून बडी नावं पाहिजे होती. त्यानं ॲरिझोनातल्या ‘मीट पपेट्स’चे कर्कवुड बंधू आणले, ज्यांचं नाव त्या वाहिनीवाल्यांना धड ठाऊक नव्हतं, आणि त्यांची तीन गाणी त्यांच्याच सोबत बसून म्हटली. १४ पैकी ६ गाणी परक्यांची. मालकाच्या स्टुडिओत, मालकाच्या पैशावर, दुसऱ्यांची नावं घेऊन येणं. आपल्यातल्या किती कवींनी मोठ्या व्यासपीठावर गेल्यावर मागच्या रांगेतल्या कुणाचं नाव घेतलंय? मी घेतलेलं नाही. मागच्या वर्षी संधी होती.

बरं. आता तिसरं मत. ह्याच्यासाठीच मी उभा राहिलोय.

तिसरं मत म्हणतं: हा कार्यक्रम नाही, ही प्रेतयात्रा आहे. तो स्वतःच्या मयताला स्वतःच बसलाय. पुरावा म्हणून सांगतात, स्टेजवर लिलीची फुलं आणि काळ्या मेणबत्त्या त्यानं स्वतःच मागितल्या होत्या. कोलेटीनं विचारलं होतं की म्हणजे मयताला असतं तसं का, तर तो हो म्हणाला. आणि शेवटचं गाणं, त्यातली शेवटची किंकाळी, त्याच्या आधी अर्धा क्षण तो थांबतो, डोळे उघडतो, श्वास घेतो. त्या डोळ्यांवर जगभरच्या चाहत्यांनी इतकं लिहिलंय की तेवढ्यावर एक ग्रंथालय भरेल. म्हणतात, त्या डोळ्यांत त्यानं मरण पाहिलं. आपल्या खोलीतही त्या क्षणाला शांतता झाली. आणि मग आपला एक दोस्त, नाव घेत नाही, समोरच बसलाय, तो म्हणाला, “सत्तावीस हे बरोबर वय आहे रे. त्यानंतर माणूस सडतो.”

मी तेव्हा गप्प राहिलो. आता बोलतो.

आपण ही चित्रफीत उलटी बघतो. एप्रिलमधून नोव्हेंबरात बघतो. डिसेंबर १९९३ ते एप्रिल १९९४, हे चार महिने ज्यांनी टीव्हीवर पाहिली तेवढेच लोक ती सरळ बघू शकले. बाकी आपण सगळे, आपल्यातले तर बरेच तेव्हा जन्मलेच नव्हते, शेवट माहीत असलेले लोक. शेवट माहीत असला की मेणबत्तीसुद्धा साक्षीदार होते.

तो सुखात होता असं मी म्हणत नाही. हेरॉइन होतं, पोटाचं दुखणं होतं, सगळं होतं. ते झाकायचं कारण नाही. पण त्या रात्री नक्की काय होतं ते बघा की. बोवीच्या गाण्याआधी तो लोकांना सांगतो की हे मी हमखास बिघडवणार. लोक हसतात. तो ते बिघडवत नाही. ‘पेनीरॉयल टी’च्या आधी सोबत्यांना विचारतो, हे मी एकट्यानंच करू का? ग्रोल म्हणतो, कर. आणि तो एकटा करतो, मधे एका ठिकाणी चाचपडतो, पुन्हा धरतो. मरायला बसलेला माणूस गाणं बिघडेल म्हणून भीत नाही, दोस्तहो. भीती वाटते ती कामात असलेल्या माणसाला. पहिल्यांदा क्रेनच्या खाली उभं केल्यावर मला वाटली होती तशी.

आणि रीडिंगवाल्यांनो, तुमचीच साक्ष काढतो. ऑगस्ट १९९२ ला काय उठलं होतं? कोबेन संपला, दवाखान्यात पडलाय, गाऊ शकत नाही. बारा दिवसांपूर्वी त्याला मुलगी झाली होती. तर हा पठ्ठ्या स्टेजवर आला कसा? चाकाच्या खुर्चीत बसून. अंगात दवाखान्याचा झगा, डोक्यावर पिवळ्या केसांचा टोप, आणि खुर्ची ढकलत होता एव्हरेट ट्रू नावाचा पत्रकार. धडपडत उठला, माइकशी एक ओळ म्हणाला आणि पाठीवर पडला. हजारो लोक गप. मग उठला, गिटार घेतली आणि पुढे अख्खा कार्यक्रम फोडून काढला. म्हणजे ज्यानं स्वतःच्या मरणाच्या अफवेची इतक्या हजार लोकांपुढं टर उडवली, त्याच्याच दुसऱ्या चित्रफितीला आपण मयत म्हणतो. त्या टरेत दुखणं नव्हतं असं नाही. पण उठून वाजवणं पण होतं, आणि ते आपण विसरतो.

न्यूयॉर्कनंतरही तो लगेच घरी जाऊन पडला नाही. अमेरिकेतला दौरा जानेवारीपर्यंत चालला, मग युरोप. शेवटचा कार्यक्रम १ मार्च १९९४ ला म्युनिकमध्ये झाला. साडेतीन महिने. साडेतीन महिन्यांत कुणी हात धरला असता, काही वेगळं होऊ शकलं असतं. प्रेतयात्रा म्हटली की ही शक्यताच पुसली जाते. सगळ्यांना सुटका मिळते. कंपनीला, डॉक्टरला, मित्रांना, चाहत्यांना. ‘त्याचं ठरलंच होतं’ म्हणायचं आणि पोस्टर लावायचं.

सत्तावीसचं सांगतो. मी सव्वीसचा आहे. आमच्या टोळीत एकजण होता, सत्तावीसचा, लग्न होऊन दीड वर्ष. रात्रपाळीत क्रेनचा माल सुटला. त्याचं पोस्टर निघालं नाही. ठेकेदाराच्या माणसानं हजेरीच्या वहीतलं त्याचं नाव सकाळ व्हायच्या आत खोडलं, म्हणजे तो त्या दिवशी कामावर नव्हताच असं दाखवता यावं. त्याची बायको आम्हाला विचारत होती, तो शेवटचं काय म्हणाला? तो म्हणाला होता, चहा सांग. ह्यात मला कुठलं काव्य सापडलं नाही. मी प्रयत्न केला, तीन कागद फाडले. सत्तावीस हे वय मला ह्यापुढं कुणी सुंदर म्हणून विकू नये.

दोस्त, तुला रागानं म्हणत नाही. तुझं कसं चाललंय ते मला माहीत आहे, तू आठ महिने घरी बसून आहेस. उतरल्यावर खाली थांब, आपण बोलू. नुसतं बोलण्यानं भागणार नसेल तर डॉक्टरकडंही जाऊ, मी येतो बरोबर.

आता शेवटचं गाणं. चाहते किंकाळीवर जीव टाकतात, पण गाणं कुणाचं हे विचारत नाहीत. आपल्याकडेही एकानंच विचारलं. गाण्याचं नाव ‘व्हेअर डिड यू स्लीप लास्ट नाइट’. शंभर वर्षांहून जुनं, डोंगराळ भागातलं, कर्ता कुणाला ठाऊक नाही. एका पोरीला विचारतात, काल रात्री कुठं झोपली होतीस. कोबेननं ते लेड बेलीकडून घेतलं. तो आपला सगळ्यात आवडता गायक असं त्यानं त्या रात्री स्टेजवरच सांगितलं.

लेड बेली म्हणजे हडी लेडबेटर. लुइझियानातला काळा माणूस, जन्म १८८८ च्या आसपासचा. कापूस वेचला, बारा तारांची गिटार वाजवली, माणूस मारल्याबद्दल टेक्ससच्या तुरुंगात गेला, १९२५ ला सुटला, १९३० ला पुन्हा हल्ल्याच्या गुन्ह्यात लुइझियानातल्या अँगोलाच्या तुरुंगात. साधू नव्हता, मला साधू पाहिजेही नाही. १९३३ ला तिथं जॉन लोमॅक्स आणि त्याचा पोरगा ॲलन आवाज मुद्रित करायचं यंत्र घेऊन आले. काळ्या कैद्यांची गाणी गोळा करत फिरणारे गोरे अभ्यासक. आपल्या आज्यांच्या ओव्या घ्यायला टेपरेकॉर्डर घेऊन जसे लोक येतात तसे. त्यांनी त्याला जगापुढं आणलं हे खरं. सुटल्यावर तो लोमॅक्सची गाडी चालवत होता हेही खरं.

१९३५ ची एक बातमीफीत आहे, ‘मार्च ऑफ टाइम’ची. त्यात लेड बेलीला स्वतःचंच सोंग करायला लावलंय. अंगावर कैद्याचे कपडे. तो लोमॅक्सला म्हणतो, जन्मभर तुमची चाकरी करीन, तुमच्या बुटाचे बंदसुद्धा तुम्हाला बांधायला लागणार नाहीत, अशा अर्थाचं. त्याच वर्षी पैशावरून दोघांचं फाटलं. १९३७ ला ‘लाइफ’ साप्ताहिकानं त्याच्यावर छापलं तेव्हा मथळ्यातच काळ्यांसाठीची ती शिवी होती. डिसेंबर १९४९ ला तो न्यूयॉर्कमध्ये गेला. त्याचं ‘गुडनाइट आयरीन’ गोऱ्या गायकांनी, ‘द वीव्हर्स’नी म्हटलं आणि ते देशात पहिल्या नंबरला पोचलं. कधी? १९५० ला. सहा-आठ महिन्यांनी हुकलं.

ओकलंडच्या काळ्या पोरांनी १९६६ ला पँथर हे नाव घेतलं आणि १९७२ ला आपल्या थोरांनी ते मुंबईत आणलं. तेव्हा ह्या माणसाची चौकशी करणं आपल्यावर आहे, बाकी कुणी नाही केली तरी.

आता कोबेन. त्यानंही एका काळ्याचं गाणं घेऊन टाळ्या घेतल्या, असं एक मत आहे. त्याला पुरावाही जोडतात: लेड बेलीनं हे गाणं अनेकदा मुद्रित केलं, कुठं कुठं त्याचं नावच ‘ब्लॅक गर्ल’ आहे, आणि न्यूयॉर्कच्या त्या दिवाणखान्यात तो रंग गळाला. पण लेड बेलीनं स्वतः दोन्ही तऱ्हांनी गायलंय, तेव्हा हा पुरावा लंगडा आहे. मला वाटतं, कोबेननं चोरी केली नाही. नाव घेतलं, शेवटची जागा दिली. वाहिनीवाले आणखी एक गाणं म्हण म्हणून मागं लागले तेव्हा नाही म्हणाला, ह्याच्यावर मला जाता येणार नाही म्हणून. तोही कुठला राजपुत्र होता? ॲबर्डीन हे लाकडाचं बंदर, आई हॉटेलात वाढपीण, बाप मेकॅनिक, स्वतः शाळेत फरशा पुसायचं काम केलेला. त्याला लेड बेलीचा आवाज कळला असेल. किंकाळी आतून आलीय, त्याबद्दल मला शंका नाही.

शंका दुसऱ्याच गोष्टीची आहे. ते गाणं सुरू करण्याआधी तो एक किस्सा सांगतो. लेड बेलीच्या इस्टेटीतला एक माणूस त्याला लेड बेलीची गिटार विकायला बघत होता, पाच लाख डॉलरला. हा सांगतो की मी माझ्या कंपनीच्या मालकाला, डेव्हिड गेफनला, विचारलं की ती मला घेऊन देतोस का. लोक हसतात. आपणही हसलो.

त्या रात्री कोबेनच्या हातात जी गिटार होती, १९५९ ची मार्टिन, ती जून २०२० ला लिलावात गेली. ६० लाख १० हजार डॉलर. आपले ४५ कोटींच्या घरात. त्याचं ते स्वेटर, सिगरेटच्या चटक्यासकट, न धुतलेलं, २०१९ ला ३ लाख ३४ हजार डॉलरला. न धुतलेलं म्हणून भाव जास्त! आमचे कपडे न धुतलेले असले की रिक्षावाला थांबत नाही.

मेलेल्याचा बाजार हा असा वर चढतो, आणि चाहत्यांचं प्रेतयात्रेचं मत त्या बाजाराला फुकटची जाहिरात करतं. जिवंत माणसानं वाजवलेली गिटार म्हणून तिला एवढा भाव आला नसता. मरणाची गिटार म्हणून आला. लेड बेलीला हयातीत काय मिळालं ते मी सांगितलं. गाडी चालवायला मिळाली.

चाहत्यांची टिंगल करायला मी उभा नाही. ती दोन कापलेली गाणी कोणती, खोक्यामागं काय होतं, कुठल्या ओळीला आवाज फाटतो, हे सगळं चाहत्यांनीच सांभाळलं, मला त्यांच्याकडूनच कळलं. इतक्या बारकाईनं बघणारी माणसं आहेत ती. म्हणून तर म्हणतो, तीच बारकाई नोव्हेंबरच्या त्या रात्रीवर लावा. तो काय करतोय ते बघा. बोटं बघा, चुका बघा, ग्रोलचे आवरलेले हात बघा.

माझी एक सूचना आहे. पुढच्या रविवारी आधी १९३५ ची ती लेड बेलीची बातमीफीत लावू, दोन-तीन मिनिटांचीच आहे, आणि लगेच न्यूयॉर्कचं शेवटचं गाणं. मधे कुणी बोलायचं नाही. इंग्रजी ज्याला येतं त्यानं माझ्या शेजारी बसायचं. आणि सकाळी लावा, अकराच्या आत. तीन वाजता माझी पाळी आहे, आणि ह्या वेळी खालच्या मावशींनाही वर बोलवा.